वाळूखाली गाडले गेलेले काळे रान: पाणी नेमके जाते कुठे?

गोदाकाठ (घनसावंगी तालुका)

नमस्कार. गोदावरीला लागून आमचा एक एकराचा तुकडा आहे. मूळचे रान काळे, भारी. वडिलांच्या काळापासून तिथे ज्वारी आणि कापूस होत आला. गेल्या पावसाळ्यातील पुराने त्यावर वाळू आणून टाकली, कुठे वीतभर, कुठे हातभर. ती काढण्याचा खर्च परवडणारा नव्हता आणि रान पडीक ठेवणेही जिवावर आले होते, म्हणून वाळवट जमिनीत भुईमूग चांगला येतो या ऐकीव भरवशावर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात उन्हाळी भुईमूग टोकला. उगवण इतकी देखणी झाली की बांधावरून जाणारे थांबून पाहत असत.

आता पीक साठ दिवसांचे झाले असून आऱ्या (फुलांनंतर जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ) सुटू लागल्या आहेत. अडचण अशी आहे की पाटाच्या तोंडाकडची झाडे पिवळी पडत चालली आहेत आणि साऱ्याच्या (पाणी सोडायच्या लांब पट्टीच्या) शेवटाकडची झाडे सकाळी अकरापासूनच माना टाकतात. दर सहाव्या दिवशी पाण्याची पाळी देतो. लाइट रात्रीची आठ तास असते आणि पुन्हा कधी नीट मिळेल याचा नेम नसतो, म्हणून आठही तास मोटर चालू ठेवतो. तरीही दुसऱ्या दिवशी दुपारी वरची वाळू पायाला चटके देते. खते-औषधे जिथून घेतो तिथे पिवळेपणासाठी एक फवारणी आणि कोमेजण्यासाठी एक आळवणी (मुळाशी ओतायचे औषध) सुचवली गेली. दोन्ही करून झाल्या, फरक काहीच नाही. एवढे पाणी जाते कुठे?

बिलोलीकर

दादा, आमच्या बिलोली-देगलूर भागातील हलकी जमीन पुराने आलेली नाही, ती मुळातलीच आहे. बाकीचा मराठवाडा बहुतेक बेसाल्टवर बसलेला असला, तरी आमच्याकडे ग्रॅनाइट आणि नाइस हे फार जुने खडक उघडे पडतात. त्यांच्यातील गारगोटीचे कण सहजासहजी झिजत नाहीत, त्यामुळे माती बोटांत खरखरते. अशा रानाला आठ तासांची पाळी म्हणजे चाळणीत पाणी ओतणे झाले. आमच्याकडे पाणी थोडे आणि लवकर लवकर देतात. आपले पाणी वाळूतून गळून नदीला परत जात असणार, असे मला वाटते. जमेल तेव्हा वाळू काढून टाकावी, हेच बरे.

वाफसा (परभणी)

मी मृदाशास्त्र शिकवत असे. आता निवृत्त असल्याने लिहायला बसलो की लांबते, सांभाळून घ्यावे.

बिलोलीकरांचा ‘थोडे आणि लवकर’ हा सल्ला बरोबर आहे, परंतु पाणी गळून नदीला गेले असेल याची मला खात्री वाटत नाही, कारण आपल्या वाळूखाली काळी माती आहे आणि या प्रकरणात वाळूइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, महत्त्व त्या दोघींच्या सांध्याला आहे.

वाळूतून पाणी भराभर उतरते हे अर्धेच खरे आहे. तिच्या कणांमधील पोकळ्या मोठ्या असतात. नळीची त्रिज्या दुप्पट केली तर तेवढ्याच दाबाखाली तिच्यातून सोळापट पाणी वाहते, हे लक्षात घेतले की पूर्ण भिजलेल्या वाळूतून दिवसाला काही मीटर पाणी का उतरू शकते आणि फुगलेल्या काळ्या मातीतून काही सेंटीमीटर, कधी तर मिलिमीटरच, का उतरते, याचा उलगडा होतो. मात्र याच मोठ्या पोकळ्या सर्वांत आधी रिकाम्या होतात. त्यानंतर उरलेले पाणी कणांच्या बेचक्यांत आणि कणांभोवतीच्या पातळ पापुद्र्यात अडकून राहते, आणि एका कणाकडून दुसऱ्याकडे जायला त्याला सलग वाट सापडत नाही. वाळूची पाणी वाहून नेण्याची शक्ती मग हजारो पटींनी घसरते, इतकी की एका टप्प्यानंतर तेवढ्याच ताणाला (म्हणजे माती पाणी ज्या ओढीने धरून ठेवते त्या ओढीला) काळी माती तिच्याहून अधिक पाणी पुढे नेते. फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम पाहणारे हेन्री दार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूने भरलेल्या उभ्या नळकांड्यांवरील प्रयोगांतून जो नियम मांडला, तो पूर्ण भिजलेल्या वाळूचा होता. अर्धवट ओल्या मातीत ही वहनशक्ती ओलीबरोबर बदलत जाते, हे एडगर बकिंगहॅम यांनी १९०७ मध्ये मांडले, आणि लॉरेन्झो रिचर्ड्स यांनी १९३१ मध्ये सगळे एका समीकरणात बसवले. ते समीकरण वर्गात शिकवताना माझाही घाम निघत असे. इथे त्याची गरज नाही.

आता आपल्या रानाचा हिशोब पाहू. एक मीटर खोलीच्या वाळूत पिकाला घेता येईल असे पाणी साधारण ६० मिलिमीटर मावते. काळ्या मातीत हाच आकडा १५० ते २०० पर्यंत जातो. आपली वाळू सरासरी ४० सेंटीमीटर धरली तर साठा २४ मिलिमीटरचा झाला, आणि त्यातील निम्मे संपले की भुईमूग ताण दाखवू लागतो. एप्रिलच्या उन्हात भरातले पीक रोज सहा-सात मिलिमीटर पाणी ओढते, म्हणजे केवळ वाळूतील साठ्यावर ते दोन दिवसही नीट काढू शकत नाही. तरीही आपले पीक सहाव्या दिवसापर्यंत उभे आहे. मधले चार दिवस ते कशावर जगते, हे शोधले पाहिजे.

त्यासाठी दोन कामे करावीत. मोटरीखाली दोनशे लिटरचे पिंप धरून ते किती सेकंदांत भरते ते मोजावे. आणि पाणी दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी पाटाच्या तोंडाशी, मधे आणि शेवटी असे तीन खड्डे काळी माती लागून तिच्यात वीतभर जाईपर्यंत खणावेत. खड्ड्याची एक बाजू खुरप्याने सरळ तासून घ्यावी, म्हणजे ओल कुठवर आहे ते रंगावरून कळते.

शंकेखोर (सेलू)

सर, एक शंका आहे. काळ्या रानात ओल खालून वर येते असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. रब्बीची ज्वारी पाऊस थांबल्यावर पूर्ण हिवाळा त्या ओलीवरच निघते. मग यांच्या वाळूखालच्या काळ्या मातीत ओल असेल, तर ती वाळूत चढून वरच्या मुळांना का मिळत नाही? वाळू तर तहानलेली आहे.

वाफसा

शंका मोलाची आहे. केशाकर्षणाने, म्हणजे बारीक पोकळीत आपोआप ओढले जाऊन, पाणी किती चढेल हे पोकळीच्या बारकाईवर ठरते. एक मिलिमीटर व्यासाच्या नळीत ते सुमारे ३ सेंटीमीटर चढते, दशांश मिलिमीटरच्या नळीत सुमारे ३०. जाडसर वाळूत म्हणूनच पाणी खालून वीतभरही मुश्किलीने येते. शिवाय काळी माती पूर्ण भिजलेली नसेल तर तिच्यातील पाणी ताणाखाली धरलेले असते. बारीक पोकळी ते मोठ्या पोकळीला सहजी देत नाही. ‘तहानलेली वाळू’ हा शब्द आपल्याला सुचला, पण कोरडी वाळू पाणी ओढण्याच्या बाबतीत फार दुबळी आणि वाहून नेण्याच्या बाबतीत त्याहून दुबळी असते. पाण्याने तिला वरून ढकलून भिजवले तरच ती भिजते.

ज्वारीविषयीही थोडी दुरुस्ती करतो. ओल काही प्रमाणात वर येते, हे खरे. परंतु ज्वारी निघते ती मुख्यतः तिची मुळे ओलीच्या मागे खाली उतरत जातात म्हणून. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी असे जुने लोक म्हणत, तेही याच कारणाने: वरचा थर भुसभुशीत होऊन सुकला की खालच्या ओलीची वर येणारी वाट तुटते आणि भेगाही बुजतात.

मांजराकाठची (लातूर)

ही चर्चा वाचताना माहेरची नदी आठवली. उन्हाळ्यात मांजरा आटली की आई आणि मी पात्रात झिरा खोदायला जात असू. वरची वीतभर वाळू इतकी तापलेली आणि मोकळी असायची की हाताने बाजूला सारली तरी पुन्हा खड्ड्यात ओघळायची. हातभर खाली गेले की ती गार लागायची, तिचा रंग पिठासारखा पांढरट न राहता ओल्या गुळासारखा व्हायचा आणि खड्ड्याच्या कडा उभ्या राहू लागायच्या. आणखी हातभर खाली तळाशी चारी बाजूंनी पाणी जमा व्हायचे. पहिले गढूळ पाणी आई नारळाच्या करवंटीने उपसून टाकायची, थोडा वेळ बसून राहायची, आणि मग आलेले नितळ पाणी वाटी-वाटीने हंड्यात भरायची. हंडा भरायला अर्धा तास लागत असे, पण पाणी मे महिन्यातही मिळत असे. गावाजवळचे उघडे तळे तर होळीनंतर आटायचे. सरांनी सांगितलेले कारणच इथेही लागू होते का?

वाफसा

ताई, तेच कारण. वरची वाळू सुकली की तिच्यातून खालचे पाणी वर चढण्याची सलग वाट तुटते. मग ऊन कितीही असले तरी केवळ वाफ तेवढी वाळूतून रांगत बाहेर पडते. पाण्याची पातळी दोन फुटांहून खाली गेली की वाळूच्या पात्रातील बाष्पीभवन फारच थोडे उरते. कडा उभ्या राहू लागायच्या हे आपले निरीक्षण अचूक आहे: कणांच्या बेचक्यांतील पाण्याचा ताणच त्यांना एकमेकांशी धरून ठेवतो. गोदाकाठ यांच्या पायाला चटके देणारी वाळू म्हणजे त्याच झिऱ्याचे झाकण आहे, असे समजावे. वरून कोरडे दिसले म्हणून घाबरून जादा पाणी देणे, हीच वाळवट रानातील नेहमीची चूक आहे.

गोदाकाठ

सर, सांगितलेले सर्व केले, आणि जे दिसले ते आधी माझ्या डोळ्यांनाच पटेना.

पिंप तीनदा भरून पाहिले. सरासरी २९ सेकंद लागले.

तोंडाकडचा खड्डा: वरची चार बोटे वाळू कोरडी, त्याखाली ओली, आणि काळी माती लागण्याआधीच, साधारण वीतभर वर, खड्ड्याच्या बाजूंतून पाणी पाझरू लागले. पाणी देऊन तिसरा दिवस होता. तळाची वाळू राखाडी झाली असून गटारासारखा वास येत होता. उपटलेल्या झाडाच्या खालच्या मुळ्या तपकिरी होत्या आणि बोटांत धरल्या की साल निसटत होती. मुळांवरच्या गाठी नखाने फोडल्या, तर आत हिरवट-राखाडी.

शेवटाकडचा खड्डा: वाळू जेमतेम वीतभर भिजलेली. त्याखाली ओल सलग नव्हती, तर तीन-चार बोटे रुंदीचे ओले ओघळ खाली गेलेले होते आणि त्यांच्यामधली वाळू पूर्ण कोरडी होती. काळी माती कोरडी ठाक. तिच्या जुन्या भेगांत पांढरी वाळू उतरून बसलेली, काळ्या कापडावर खडूच्या रेघा ओढाव्यात तशी. इथल्या गाठी मात्र आतून गुलाबी होत्या.

मधल्या खड्ड्यात काळी माती वरची वीतभर ओलसर होती, आणि भुईमुगाच्या बारीक मुळ्या त्या भेगांतल्या वाळूच्या रेघांवरून काळ्या मातीत उतरलेल्या दिसल्या. तिथली झाडेच सगळ्यांत चांगली आहेत. आणखी एक गोष्ट: तोंडाकडे वाळूखाली आमचा जुना बांध तसाच सापडला. तो तिथे आहे हे मी विसरूनच गेलो होतो.

वाफसा

आपण केलेली नोंद एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधात लिहावी इतकी चांगली आहे. आता हिशोब मांडू.

दोनशे लिटर २९ सेकंदांत म्हणजे तासाला सुमारे २४,८०० लिटर, आणि आठ तासांत जवळपास २ लाख लिटर. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,००० लिटर. म्हणून आपली एक पाळी सरासरी ४९ मिलिमीटरची झाली. वाळू पूर्ण सुकलेली असली तरी तिच्यात २४ मावतात. उरलेले २५ मिलिमीटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर, काळ्या मातीच्या पाठीवर येऊन थांबतात. फुगलेली काळी माती ते हळूहळू घेते, तोवर ते वाळूच्या पोकळ्यांत उभे राहते, आणि त्या पोकळ्या आकारमानाच्या पाव हिश्शाच्या धरल्या तर २५ मिलिमीटर पाणी सुमारे १० सेंटीमीटर जाडीचा साचलेला थर बनवते. ही सरासरी झाली. वाळूतल्या साऱ्यात पाणी पुढे सरकण्याऐवजी जागीच मुरते, त्यामुळे तोंडाला सरासरीच्या दुप्पट आणि शेवटाला अगदी थोडे मिळाले असणार. त्यातही जुना बांध पाण्याला उताराने सरकू देत नसल्याने तोंडाकडे वाळूखाली एक न दिसणारे डबके तयार झाले आहे.

म्हणजे पिवळेपणा आणि कोमेजणे हे दोन रोग नाहीत. एकाच पाळीची ती दोन टोके आहेत. तोंडाकडे मुळांना हवा नाही. गाठींचा गुलाबी रंग हा त्या नत्र बांधत असल्याची खूण असतो. तो तिथे गेला आहे. दिलेल्या खतातील नत्र जमिनीत गेल्यावर बहुतांशी नायट्रेटच्या रूपात येते, त्याला मातीचे कण धरून ठेवत नाहीत, त्यामुळे ते पाण्याबरोबर तळाला गेले आणि हवा नसलेल्या त्या थरात त्यातील बराचसा भाग जिवाणूंनी वायुरूप करून टाकला असावा. फवारणीने यातले काय सुधारणार होते? शेवटाकडे पाणी पोहोचलेच नाही, आणि जे पोहोचले ते ओघळांनी उतरले. कोरड्या वाळूत थोडे पाणी आले की ते सपाट आघाडीने न जाता अशी बोटे काढत जाते.

मधल्या खड्ड्याने आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर दिले आहे. पीक ते चार दिवस काळ्या मातीवर जगत होते. वाळूला ती ओल वर खेचता आली नाही, ती मुळांनी खाली जाऊन घेतली.

शंकेखोर

म्हणजे सांध्याखाली गेलेले पाणी वाया गेले नाही. माझा अर्धा मुद्दा तरी टिकला!

ठिबकवाला (अर्धापूर)

केळीच्या अनुभवावरून दोन गोष्टी सांगतो. ठिबक टाकल्यास काळ्या रानात तोटीखालची ओल कांद्यासारखी पसरते, वाळवट रानात ती गाजरासारखी सरळ खाली जाते. त्यामुळे तोट्या फूटभर अंतरावर असाव्यात, आणि तीन दिवसांतून एकदा दोन तास चालवण्यापेक्षा रोज अर्धा-पाऊण तास चालवणे उपयोगी पडते. खतही तसेच, थोडे थोडे करून पाण्यासोबत. दुसरे असे की ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या २०१७ पासूनच्या योजनेत तलावातील गाळ मिळू शकतो. तो या वाळूवर पसरला तर कायमचा इलाज होईल, असे वाटते.

वाफसा

ठिबकाविषयी सहमत आहे. गाळाबाबत मात्र सावध करतो: तो वाळूवर नुसता पसरून ठेवू नये. बारीक गाळ वर आणि जाड वाळू खाली असली की सांध्यावर पाणी अडते. गाळाच्या बारीक पोकळ्या पाणी घट्ट धरून ठेवतात आणि गाळ जवळजवळ गच्च भिजेपर्यंत वाळू ते घेत नाही. उथळ मुळांच्या भाजीपाल्याला हे एखादे वेळी सोयीचे पडेल, पण मुळे त्या थरातच घुटमळतात. गाळ नांगराने वाळूत मिसळला तर मात्र लाभ होतो. आपल्याकडे वाळू जिथे वीतभरच आहे, तिथे पीक निघाल्यावर खोल नांगरट करून खालची काळी मातीच वर मिसळता येईल. बाहेरून गाळ आणण्याचीही गरज नाही. हातभर वाळू काढायची म्हटली तर एकरी सहाशेहून अधिक ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) होते, हे बिलोलीकरांनी मनावर घ्यावे.

या पिकापुरते सांगायचे तर दर तिसऱ्या दिवशी १८ ते २० मिलिमीटर, म्हणजे आपल्या मोटरीचे तीन तास, पुरेसे आहेत. सारे लांब ठेवू नयेत. पाइप टाकून मधूनच दुसरे तोंड करावे. पहिली एक पाळी फक्त शेवटाकडच्या अर्ध्याला भरपूर द्यावी, म्हणजे तिथली काळी माती एकदा भिजेल. तोंडाकडे आठवडाभर पाणी बंद ठेवून जुना बांध दोन ठिकाणी फोडावा. आऱ्या जमिनीत शिरताना वरची चार बोटे फार सुकू देऊ नयेत, आणि जिप्सम दिले नसेल तर आता द्यावे, कारण शेंग आपला कॅल्शियम मुळांकडून न घेता भोवतीच्या मातीतूनच घेते आणि वाळूत तो फारसा उरत नाही.

बिलोलीकर

सहाशे ब्रास! काढून टाकण्याचा सल्ला मागे घेतो. पण सर, लाइट आठ तास रात्रीची असताना तीन तासांनी उठून मोटर बंद करायला कोण जाणार?

गोदाकाठ

दादा, मीच जातो. तीन तास इथे आणि उरलेले पाच तास बाजूच्या काळ्या रानातील गजराज गवताला, असे ठरवले आहे. तोटी फिरवायला बारा वाजता उठावे लागते, आणि घरचे हसतात.

दहा दिवसांनंतरची स्थिती सांगतो. शेवटाकडची झाडे आता दुपारी दोनपर्यंत ताठ असतात; तिथे पुन्हा खणले तेव्हा काळी माती वीतभर ओली होती आणि भेगांतल्या वाळूत पांढऱ्या नव्या मुळ्या दिसल्या. बांध दोन ठिकाणी फोडला. पहिल्याच दिवशी फोडलेल्या जागेतून काळपट पाणी संध्याकाळपर्यंत वाहत राहिले. तोंडाकडच्या झाडांचा नवा पाला हिरवा येतो आहे, जुना तसाच पिवळा आहे. तिथला खड्डा बुजवलेला नाही. काल संध्याकाळी त्यात अजून चार बोटे पाणी होते.